अठ्ठावीस शून्यांनंतरचे मामा

माझे मामा डोंगरकड्याला असतात. केळीची बाग, दोन एकर हळद, दोन म्हशी आणि मामी एवढा त्यांचा पसारा. मी हिंगोलीला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. आमच्या सगळ्या गोतावळ्यात फिजिक्स शिकलेली मी एकटीच निघाले, त्यामुळे मिक्सर का गरम होतो, ग्रहणात दूध तापवावं का, टॉवरखाली म्हैस बांधली तर ती आटते का, असले सगळे प्रश्न फिरून फिरून माझ्याकडे येतात. बरीचशी उत्तरं मला येत नाहीत. पण नात्यात तसं म्हणून चालत नाही.

तरी त्या दुपारी मामांनी फोनवर जे विचारलं, ते आजवर कुणीच विचारलं नव्हतं. आवाज एकदम खाली होता आणि मागं पाण्याची मोटार चालू होती. म्हणजे घरून नाही, बागेतून बोलत होते.

"पोरी, किलो सोडून वजनाचं दुसरं माप कोणतं हाय?"

"कशासाठी, मामा?"

"कशासाठी ते मागून सांगतो. आधी माप सांग."

मी शेर म्हणाले. मामा म्हणाले, "न्हाई. शेर तुझ्या मामीच्या माहेरचाच." खरं होतं ते. मामीचे वडील तुपाचा व्यापार करायचे. शेर, अच्छेर, पावशेर, छटाक सगळं तिच्या बोटांवर होतं. मी मण म्हणाले, तोही नको झाला. पौंड म्हणाले, तर मामांनी सुस्कारा सोडला. "मव्हा नातू जिममधी जाऊन राहिला. सुट्टीत आला की घरात दिवसभर पौंडच चालतात. मामीनं तेबी शिकून घेतले."

"म्हणजे मामीला न कळणारं माप पाहिजे?"

मोटारीचा आवाज वाढला, म्हणजे मामा तिच्या आणखी जवळ सरकले होते. मग मामा म्हणाले, "तू येऊन जा. हे फोनवर व्हायचं न्हाई."

रविवारी मी गेले. मामा मला चहासुद्धा होऊ न देता 'केळीवर करपा आलाय, दाखवतो' म्हणून बागेत घेऊन गेले. करपा वगैरे काही नव्हता. बागेच्या मधोमध, जिथून घर दिसत नाही अशा जागी उभे राहून त्यांनी सगळी हकिकत सांगितली.

दीड वर्षापूर्वी नांदेडला मामांचा डावा गुडघा बदलला. मामांना आत नेल्यावर मामीनं बाहेरच्या बाकावर बसून गावच्या मारुतीला नवस बोलला होता: माणूस आपल्या पायानं चालायला लागला तर त्याला गुळात तोलीन. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, गुडघा नवा आहे पण वरचं ओझं जुनंच आहे, चौऱ्याण्णव किलोचे ऐंशी करा आणि रोज चाला. मामीनं नवस आणि डॉक्टर दोघांनाही सारखंच मनावर घेतलं. भाकरी मोजून, तेल चमच्यानं, आणि पहाटे मामांना चालायला धाडायचं. ती सोबत जाऊ शकत नव्हती, कारण तीच म्हशींच्या धारेची वेळ.

मामा चालायला जात, यात काही खोटं नव्हतं. घरापासून बस स्टँडपर्यंत चालत जात. तिथं त्यांच्या शाळासोबत्याचं हॉटेल आहे. अख्खं गाव त्याला चाचा म्हणतं. नांदेडला जाणाऱ्या पहिल्या गाड्या तिथं थांबतात म्हणून चाचांची कढई पहाटेच तापलेली असते. मामा एक प्लेट भजी खात, थंडी असली तर दोन, वर गुळाचा चहा घेत आणि चालत परत येत. महिन्याच्या महिन्याला कळमनुरीला जाऊन वजन करत आणि मामीला आकडा सांगत. हा सांगायचा आकडा दर खेपेला किलो-दीड किलोनं उतरत गेला आणि ऐंशीवर येऊन थांबला, कारण डॉक्टरांनी तिथंच थांबायला सांगितलं होतं.

"आणि खरा आकडा?" मी विचारलं.

मामांनी इकडंतिकडं पाहिलं. चारी बाजूंनी केळीच होत्या.

"अठ्ठ्याण्णव."

"म्हणजे वाढलं?"

"गुडघा चांगला झाला ना. भूक लागून राहिली."

मामीला डोळ्यांनी दिसत नव्हतं का, असं मी विचारलं. त्यावर मामांनी जे सांगितलं त्याला मी मनातल्या मनात मार्क दिले. त्यांनी शर्ट दोन नंबर मोठे शिवून घेतले होते. ते अंगात ढगळ दिसले की मामी समाधानानं म्हणायची, "आटला माणूस."

आता मात्र मामा सापडले होते. हळद शिजवून, वाळवून झाली की पुढच्या शनिवारी मामांची गूळतुला करायची, असं मामीनं ठरवलं होतं. किलो-किलोच्या बरोबर ऐंशी भेल्या गूळ सांगून ठेवला होता. तोलायचं साधन जवळा बाजारचे व्याही आणणार होते. मामांची मुलगी त्यांच्या घरात दिलेली. त्यांची तिथं सोयाबीन-कापसाची आडत आहे. अंगानं काडीसारखे, पण वजनकाट्याच्या बाबतीत फार कडक माणूस. ते आडतीवरचा इलेक्ट्रॉनिक काटा आणणार, मामा त्यावर एकटे बसणार, लाल अक्षरांत आकडा उमटणार आणि तो माइकवरून सगळ्या गावाला सांगायचा. गूळ नुसता शेजारी रचून ठेवायचा होता. म्हणजे तो एक आकडा झाकला की सगळंच झाकलं जाणार होतं.

"ऐंशी म्हणून सांगून टाकू का?" मी म्हणाले.

"देवापुढं खोटं न्हाई बोलायचं," मामा घाईनं म्हणाले. "खरंच सांगायचं. फक्त कळू द्यायचं न्हाई."

मी बांधावर बसले. आपल्याकडं माणसाचं वजन अभिमानानं एकदाच सांगतात, जन्मल्यावर. 'तीन किलो दोनशे,' असं बाप दवाखान्यातून गावभर फोन करून सांगतो. त्यानंतर तो आकडा जो लपतो तो कायमचाच. केळी घडात, सोयाबीन क्विंटलात, सोनं तोळ्यात, प्रत्येकाला आपलं माप आहे. मोठ्या माणसाला आपलं असं मापच नाही. असा विचार करताना मला एकदम ताऱ्यांची आठवण झाली.

"मामा, आकाशाचा अभ्यास करणारे लोक ताऱ्यांचं वजन किलोत सांगत नाहीत," मी म्हणाले. "किलोत सांगायला गेलं तर शून्यंच संपत नाहीत. म्हणून ते आपला सूर्य हेच माप धरतात. हा तारा दोन सूर्यांएवढा, तो दहा सूर्यांएवढा."

खरं तर तिथं वजन म्हणायचं नसतं, वस्तुमान म्हणायचं असतं. वर्गात मी त्यावरून मार्क कापते. केळीच्या बागेत नाही कापले.

"सूर्य किती किलोचा हाय?"

"दोनावर तीस शून्यं दिली की होतो तेवढा."

मामांना ते पटलं. त्यांनी वर बघितलं, डोळे मिचकावले आणि म्हणाले, "आसंल." मी मोबाइलवर अठ्ठ्याण्णवाला सूर्यानं भागलं. उत्तर आलं ते त्यांना दाखवलं. चार पॉइंट नऊ, पुढं इंग्रजी ई आणि मागं उणे एकोणतीस.

"हा ई कोण?"

"शून्यं लिहायला जागा पुरत नाही म्हणून ती खूण आहे. म्हणजे असं बघा, आधी शून्य, मग पूर्णांक, मग ओळीनं अठ्ठावीस शून्यं, आणि मग चार आणि नऊ."

मामा माझ्याशेजारी बांधावर टेकले. एका वाळलेल्या पानाच्या चिंध्या करत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे न्हाईच म्हण की मी."

"नाही कसं? आहात. अठ्ठावीस शून्यांनंतर आहात."

"हां," मामा म्हणाले, आणि जरा वेळानं त्यांना त्यातली खरी सोय ध्यानात आली. "आन् ऐंशी किलोचा असतो तर?"

मी ऐंशीला भागलं. अठ्ठावीस शून्यं आणि चार. पुढं काही नाही. मामा इतके खूष झाले की बांधावरून उठले. अठ्ठ्याण्णवालाही चार आणि ऐंशीलाही चार! मधले अठरा किलो त्या शेवटच्या नवात दडून बसले होते, आणि नऊ काही मोठ्यानं म्हणायची गरज नव्हती. चार पूर्णांक नऊ म्हणजे जवळजवळ पाच, हे मी दर वर्षी पोरांना घोकून घेते. तरी त्या दिवशी मामांचा चेहरा बघून मी म्हणाले, "बरं, चारवर थांबते."

घरी येऊन मी मामीला सांगितलं, "मामी, मामांचं वजन सूर्याच्या मापात सांगू. असं आजवर कुणाच्याच तुलेत झालं नसेल." मला वाटलं होतं मामी नको म्हणेल. तिचा चेहरा उजळला. "सूर्यनारायणाच्या मापात? मव्हा माणूस?" तिनं हातातलं पीठ झटकलं आणि माझ्यासमोर बसली. "मग ऐंशी किलो म्हंजी त्यात किती, ते सांग. बराबर सांग, मला बायकांना सांगावं लागंल."

"अठ्ठावीस शून्यं आणि चार," मी म्हणाले. खोटं काहीच नव्हतं. ऐंशी किलो म्हणजे तेवढंच होतं.

मामीनं ते पाठ केलं. धार काढताना शून्यं मोजायची, असं मामांनी नंतर फोनवर सांगितलं. दोन्ही म्हशींना ते पाठ झालं असेल.

शनिवारी मी पहिल्या गाडीनं पोचले. मारुतीच्या देवळापुढं मांडव घातलेला, ऐंशी भेल्या केळीच्या पानावर रचलेल्या, आणि चाचा किटली घेऊन सगळ्यांना चहा देत फिरत होते. मामी नव्या लुगड्यात होती. मामांनी सगळ्यात ढगळ शर्ट घातला होता. माइकवाल्याशेजारी माझ्यासाठी खुर्ची मांडलेली होती. सूर्याच्या मापाची बातमी मामीनं इतकी पसरवली होती की बाळापूरहूनही दोन शिक्षक ऐकायला आले होते. त्यांना बघून मी नजर वळवली.

मग जवळा बाजारहून छोटा हत्ती टेम्पो आला. व्याही पुढं बसलेले, आणि मागं पोत्यांत गुंडाळलेलं काहीतरी लांबच लांब. पोती सोडली तर आतून निघाली लोखंडी दांडी, आठ साखळ्या आणि फळ्यांची दोन पारडी. व्याह्यांच्या वडलांच्या काळातला, कापसाचे गठ्ठे तोलायचा मोठा तराजू. घासून, तेल लावून, झेंडूचे हार घालून आणलेला.

"इलेक्ट्रॉनिक काटा?" मी विचारलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"छ्या, मॅडम," व्याही म्हणाले. "तुला म्हटल्यावर दोन पारडी पायजेत. एकटा माणूस बसला तर त्याला नुस्तं वजन करणं म्हणतात. आमच्या ताईंचा नवस हाय, तो असा अर्धवट फेडायचा?"

मामी भरून पावली. मामांनी माझ्याकडं पाहिलं. मी मामांकडं पाहिलं. आकडा कोणत्याही मापात सांगता येतो. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यातल्या गुळाला सूर्य काय आणि किलो काय, त्याला माणूस उचलायचा असतो.

कडुलिंबाच्या जाड फांदीला तराजू टांगला. व्याह्यांनी रिकामी दांडी सरळ राहते का ते सगळ्यांना दाखवलं. मामांना शाल, नारळ, हार दिले आणि चौघांनी धरून एका पारड्यात बसवलं. पारडं खाली गेलं आणि भुईला टेकलं. दुसऱ्या पारड्यात गूळ पडायला लागला. बायकांनी गाणं धरलं. वीस भेल्या झाल्या, चाळीस झाल्या, साठ झाल्या. सत्तरीनंतर लोक पुढं सरकले, कारण आता पारडं उचलणार होतं. मामीनं शेवटची, ऐंशीवी भेली स्वतःच्या हातानं ठेवली, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले.

मामा भुईवरच होते.

गाणं आपोआप थांबलं. कुणीतरी म्हणालं, साखळी अडकली असंल. साखळी हलवून बघितली. पुजाऱ्याला पुराणातली गोष्ट आठवली, त्यानं जाऊन तुळशीचं पान आणलं आणि गुळावर ठेवलं. सगळ्यांनी श्वास रोखून पाहिलं. पान वाऱ्यानं उडालं.

"तराजू जुना हाय," मामा पारड्यातून म्हणाले. "गंजला असंल."

ते म्हणायला नको होतं. व्याही ताठ झाले. "मामासाहेब, या तराजूवर आमच्या वडलांनी जिंदगी काढली. दाणाभर इकडंतिकडं कधी झालं न्हाई. उतरा."

मामांना उतरवलं, गूळ काढला, रिकामी दांडी पुन्हा सरळ उभी राहिली. व्याह्यांनी एक भेली इकडं, एक भेली तिकडं ठेवून दाखवली. दांडी सुईसारखी मधोमध. पुन्हा मामांना बसवलं, पुन्हा ऐंशी भेल्या मोजून टाकल्या. मामा पुन्हा भुईवर. व्याह्यांच्या कपाळावरची शीर दिसायला लागली होती. "आता बोला," ते म्हणाले, "तराजूत खोट हाय का आणखी कशात?"

मामी एकदा तराजूकडं, एकदा व्याह्यांकडं बघत होती. लेकीच्या सासऱ्यावर भर मांडवात आळ आलेला, आणि नवस अर्धा. तेवढ्यात मामांना शेवटचा आधार आठवला. ते पारड्यातून ओरडले, "पोरी, सूर्यात सांग! सूर्यात!"

माइक माझ्या हातात आला. मी सुरुवात केली. "मामांचं वजन सूर्याच्या मापात, शून्य पूर्णांक, शून्य, शून्य, शून्य..." लोकांना ते फार आवडलं. पाचव्या शून्यापासून समोरची पोरं माझ्याबरोबर म्हणायला लागली, दहाव्यापासून बायका आल्या. वीसच्या आसपास माझी मोजणी चुकली असती, पण मामी चुकू देणार नव्हती. ती हाताच्या पेरांवर अंगठा फिरवत होती. अठ्ठाविसावं शून्य झालं आणि तिनं हात वर केला.

"आता चार," मामी म्हणाली.

"चार," मी माइकवर म्हणाले. चारवर थांबायचं ठरलं होतं. पण चारवर थांबले तर व्याह्यांचा तराजू खोटा ठरत होता, आणि ते तिथं दांडीला हात लावून, डोळे लाल करून उभे होते. माझ्यानं थांबवेना. "आणि नऊ."

मामी माझ्याकडं बघत राहिली.

"नऊ कुठून आला?"

बाळापूरच्या शिक्षकांपैकी एकानं मोबाइल काढून हिशोब सुरू केला होता.

"मला सांगितलं तवा नऊ नव्हता," मामी म्हणाली. "त्या नवाचे किलोत किती?"

"अठरा, मामी."

मामीनं मान वळवली. आता ती मामांकडं बघत होती. आणि ज्या नजरेनं ती माहेरी तूप निरखायची म्हणे, त्याच नजरेनं तो शर्ट बघत होती.

"सकाळी कुठवर जात व्हते तुमी?"

मामांनी नारळ मांडीवर जरा नीट ठेवला. "स्टँडवर."

"आन् स्टँडवर काय करत व्हते?"

मामांची नजर जिकडं गेली तिकडं सगळ्या मांडवाची नजर गेली. चाचा किटली हातात धरून लिंबाच्या मागं सरकायच्या बेतात होते. ते तिथंच थांबले. किटली खाली ठेवली, टोपी नीट केली आणि पुढं आले.

"भाबी, गुस्सा नक्को करो," चाचा म्हणाले. "ऐंशी तक का आदमी आपका है. उसके ऊपर का सब माल मेरे हाटेल का है. उत्ता गूळ मैं देता."

आधी व्याही हसले. ते हसतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. मग सगळा मांडवच हसत सुटला. मामी हसली नाही, पण तिनं पदराआड तोंड वळवलं, आणि तिचे खांदे हलताना मला दिसले. चाचा स्वतः गेले आणि चहासाठी साठवलेल्या बारा भेल्या पोत्यात घालून घेऊन आले. त्या पडल्यावर मामांचं पारडं भुईपासून सुटलं, हललं आणि पुन्हा टेकलं. मग पुजाऱ्यानं मामांच्या गळ्यातले हार काढले, शाल काढली, नारळ काढला, मोबाइल आणि किल्ल्यांचा जुडगा काढला. आजूबाजूच्या बायका घरी पळाल्या आणि जे हाताला लागलं ते घेऊन आल्या. कुणाची अर्धी भेली, कुणाचा डब्यात चिकटलेला गोळा, एकीच्या गुळावर तर मुंग्या होत्या, त्या झटकत झटकतच ती आली. शेवटचा खडा नक्की कुणाचा पडला ते सांगता यायचं नाही. मामा हळूहळू वर आले, पाळण्यासारखे डुलले आणि दांडी सरळ झाली. घंटा वाजली. मामी वाकून देवाच्या पाया पडली, आणि तेव्हा मात्र ती रडत होती.

जेवताना तिनं मला वाढलं, पण बोलली नाही. पंगती उठल्यावर मी भांडी उचलायला गेले तेव्हा माझ्या हातातून ताट घेत म्हणाली, "तुमाला शिकलेल्यांना खोटं बोलायला सूर्य लागतो. आमाला किलो पुरतो." मग माझ्या पाठीवर थाप मारली. "पण तो नऊ सांगितलास ते बरं केलंस. त्यांच्या तराजूची तकलीफ लेकीला झाली असती."

त्यानंतर मामी पहाटे मामांसोबत चालायला लागली. धारेची वेळ तिनं पुढं ढकलली. म्हशी आधी चिडल्या, मग राहिल्या. महिन्याला दोघं मिळून कळमनुरीला जातात, काट्यावरचा आकडा मामी स्वतः वाचते आणि तिथूनच मला फोन लावते.

"ब्याण्णव भरले. सूर्यात सांग."

"अठ्ठावीस शून्यं, चार आणि सहा."

मागून मामांचा आवाज येतो, "इतकं चालून चालून फक्त नवाचे सहा झाले?"

"चाराचं तीन झाल्याशिवाय भजं न्हाई," मामी त्यांना सांगते आणि फोन ठेवते. चाराचं तीन म्हणजे ऐंशीच्या जरा खाली. हे मी तिला सांगितलेलं नाही, तिचं तिनंच काढलंय.

पावसाळा संपता संपता मला जवळा बाजारहून फोन आला. व्याही होते. त्यांची साठी जवळ आली होती आणि घरच्यांनी त्यांचीही तुला करायचं काढलं होतं. ते जरा अडखळतच बोलत होते.

"मॅडम, मामासाहेबांसारखं काहीतरी माप मलाबी सांगा की."

"सूर्याचं?"

"न्हाई न्हाई. त्यात तर माणूस दिसतच न्हाई. मव्हं वजन एक्कावन्न हाय. मामासाहेबांचा गूळ सगळ्या पंचक्रोशीनं पाहिला. आता मव्हा एक्कावन्न भेल्यांचा ढीग लोक बघणार. असं माप सांगा, ज्यात मी भारी निघंन."

"वजन तेवढंच राहील, काका."

"वजन राहू द्या. आकडा पायजे."

मी विचार करून त्यांना मिलीग्राम सांगितलं. दुसऱ्या बाजूला कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. "पाच कोटी दहा लाख?" व्याही म्हणाले. "हे बराबर हाय ना? खोटं न्हाई ना काही?"

"अगदी बरोबर आहे."

तुलेला आम्ही सगळे गेलो. तोच तराजू, तसेच हार. माइक व्याह्यांनी दुसऱ्या कुणाला दिलाच नाही. गूळ पडायच्या आधी त्यांनी स्वतःच सांगितलं, "मव्हं वजन पाच कोटी दहा लाख मिलीग्राम!" आडतीवरचे सगळे लोक आले होते. टाळ्यांवर टाळ्या पडल्या. मग पंगतीत मामी माझ्या शेजारी बसली होती. ती कानाशी वाकली.

"त्याला किलोत किती म्हणायचं?"

"एक्कावन्न."

"बस्स?" मामीनं पलीकडं बसलेल्या मामांकडं पाहिलं. ते तेव्हा एकोणनव्वदला आले होते आणि त्यांचा शर्ट पहिल्यांदाच अंगासरसा होता. "मग मव्हा माणूस बरा हाय," ती म्हणाली, आणि ताटातला लाडू उचलून तिनं त्यांच्या पानात ठेवला. मामांनी तो लगेच तोंडात टाकला, मामीचं मन बदलायच्या आत.

परतताना जीपमध्ये मामा पुढच्या सीटवर होते आणि औंढ्यापर्यंत बोटांवर काहीतरी मोजत होते. मग मागं वळून हळूच म्हणाले, "पोरी, एकोणनव्वदाचे मिलीग्राम किती व्हतात?"

"आठ कोटी नव्वद लाख."

"आठ कोटी नव्वद लाख," मामा म्हणाले. हिंगोली येईपर्यंत ते मधून मधून तेच म्हणत होते, कधी ड्रायव्हरला, कधी खिडकीबाहेर.